एक्सआरडीच्या पीकमधून मशीनची रुंदी कशी वजा करायची

एमएस्सीच्या प्रोजेक्टला झिंक ऑक्साइड बनवायचं, एक्सआरडी (पावडरवर क्ष-किरण टाकून कोनाप्रमाणे तीव्रता दाखवणारा आलेख) काढून आणायचा, ओरिजिन या आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत उंच पीक (आलेखातला उंचवटा) फिट करायचं, पीकच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार देणारं शेररचं सूत्र लावायचं आणि ‘स्फटिकाचा आकार २७.८६ नॅनोमीटर’ असं लिहून मोकळं व्हायचं, हा आपल्याकडच्या कित्येक विभागांतला ठरलेला क्रम आहे. मग व्हायवाला बाहेरचे परीक्षक विचारतात, ‘‘इन्स्ट्रुमेंटल ब्रॉडनिंग किती धरलंत?’’ विद्यार्थी गाईडकडे बघतो आणि गाईड पंख्याकडे.

हा प्रश्न छळण्यासाठी विचारलेला नसतो. पीकच्या रुंदीतला काही भाग तुमच्या पावडरचा असतो आणि काही भाग मशीनचा; हा दुसरा भाग म्हणजेच इन्स्ट्रुमेंटल ब्रॉडनिंग. मशीनचा भाग वेगळा न काढता सूत्रात टाकला, तर येणारं उत्तर पावडरचंही नसतं आणि मशीनचंही नसतं. एक्सआरडीचा डेटा पहिल्यांदाच हातात पडला असेल त्यांच्यासाठी हा भाग वेगळा काढायची रीत इथे पायरीपायरीने दिली आहे. बारावीची त्रिकोणमिती, एक्सेल आणि थोडा धीर एवढं पुरेल.

आधी, मशीनची रुंदी म्हणजे काय

समजा, एखादी पावडर अगदी निर्दोष आहे. कण मायक्रॉनभर मोठे, जाळी (अणूंची नियमित मांडणी) कुठे ताणलेली नाही, दोष नाहीत. कागदावरच्या गणिताप्रमाणे तिचं प्रत्येक पीक जवळजवळ एक रेघच असायला हवं. प्रत्यक्षात मशीनवर ती रेघ पसरते, तिला दोन्ही बाजूंना उतार येतात, कधी एका बाजूला शेपूटही येतं. आदर्श रेघेला मशीन जो आकार देतं, त्याला त्या मशीनचं रिस्पॉन्स फंक्शन म्हणतात.

आता तुमची खरी पावडर घ्या. तिचं पीक मुळातच रुंद आहे. त्या रुंद आकाराच्या प्रत्येक बिंदूवर मशीन स्वतःचा तोच आकार चढवतं आणि त्या सगळ्यांची बेरीज स्क्रीनवर दिसते. गणितात याला कन्व्होल्यूशन म्हणतात. जाड खडूने कितीही बारीक रेघ ओढायची म्हटलं तरी ती खडूच्या टोकाहून बारीक निघत नाही. आणि मुळात जाड पट्टा रंगवायचा असेल तर खडूची जाडी त्यात मिसळून जाते. पीकचं नेमकं असंच होतं. पीक खूप रुंद असेल तर मशीनचा वाटा किरकोळ ठरतो, पीक अरुंद असेल तर मशीनच सगळं बोलत असतं.

ही गोष्ट एक्सआरडीपुरती नाही. सीझियम-१३७ मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, अगदी ठरलेली. तरी सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरवर ते पीक सुमारे ४५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद दिसतं आणि जर्मेनियमच्या डिटेक्टरवर दीडेक. सीझियम तोच, किरण तेच, फरक फक्त डिटेक्टरचा. मोजणारं कुठलंही उपकरण स्वतःची छाप सोडतंच. एक्सआरडीत ती छाप थेट नॅनोमीटरच्या आकड्यात उतरते, म्हणून इथे ती जास्त जाचते.

ही रुंदी येते कुठून

थोडं सावकाश पाहू, कारण कारणं कळली की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग किरणांचा स्वतःचा असतो. तांब्याच्या ट्यूबमधून एकच तरंगलांबी येते असं आपण धरून चालतो आणि १.५४०६ अँगस्ट्रॉम लिहितो. ती के-अल्फा-१ झाली. तिच्या शेजारीच १.५४४४ अँगस्ट्रॉमची के-अल्फा-२ असते, जवळजवळ निम्म्या तीव्रतेची. के-बीटा नावाची आणखी एक तरंगलांबी निकेलचा फिल्टर बहुतांशी अडवतो, पण या दोघींना वेगळं करणं त्याच्या आवाक्यातलं नाही. त्यामुळे तुमचं प्रत्येक पीक ही खरं तर एक जोडी असते. टू-थीटा, म्हणजे आलेखाच्या आडव्या अक्षावरचा कोन, ३६ अंशांच्या आसपास असेल तर या जोडीतलं अंतर सुमारे ०.०९ अंश असतं, ८० अंशांवर ते ०.२४ अंशांपर्यंत जातं. मोठ्या कोनावर पीकला खांदा फुटलेला दिसतो तो यामुळे. छोट्या कोनावर खांदा दिसत नाही, पण जोडी तिथेही असतेच. ती फक्त पीक जाड करून गप्प बसते. ०.३ अंश रुंदीच्या पीकमधले ०.०९ अंश ही काही सोडून देण्याजोगी गोष्ट नाही.

बाकीची कारणं मशीनच्या भूमितीतली. ट्यूबमधला किरणांचा उगम बिंदू नसतो, त्याला रुंदी असते. डिटेक्टरपुढच्या रिसिव्हिंग स्लिटलाही रुंदी असते. सॅम्पल सपाट असतं, पण फोकसिंगची भूमिती मात्र वक्र पृष्ठभाग मागते. किरण वर-खाली, म्हणजे गोनिओमीटरच्या (मशीनच्या कोन मोजत फिरणाऱ्या भागाच्या) अक्षाच्या दिशेनेही पसरतात; त्याला आवर घालायला सोलर स्लिट, म्हणजे पातळ समांतर पट्ट्यांचे संच असतात, तरी थोडं पसरणं उरतंच आणि त्यामुळे छोट्या कोनांवरच्या पीकला छोट्या कोनाच्या बाजूला शेपूट येतं. सॅम्पल हलक्या मूलद्रव्यांचं असेल, उदाहरणार्थ एखादं सेंद्रिय औषध, तर किरण आतपर्यंत शिरतात आणि आतल्या थरांचं पीक किंचित सरकून पृष्ठभागाच्या पीकमध्ये मिसळतं.

या सगळ्यांची बेरीज म्हणजे मशीनची रुंदी. नीट जुळवलेल्या प्रयोगशाळेच्या मशीनवर, के-अल्फाची जोडी वेगळी धरली तर, ती साधारण ०.०५ ते ०.१ अंश असते, रुंद स्लिट लावलेल्या मशीनवर त्याहून जास्त. ती कोनाप्रमाणे बदलते. ‘आमच्या मशीनची रुंदी अमुक’ असा एकच आकडा कुणी सांगितला तर तो कुठल्या कोनावरचा आहे, हे लगेच विचारायचं.

पायरी १: ऑपरेटरशी बोलून घ्या

बहुतेक विद्यार्थी सॅम्पल पुडीत बांधून विद्यापीठाच्या उपकरण केंद्राला देतात आणि आठवड्याने ईमेलवर फाइल येते. त्या फाइलमागे काय काय लावलेलं होतं हे कुणी विचारत नाही. विचारा. ट्यूब तांब्याची की कोबाल्टची, निकेलचा फिल्टर की मोनोक्रोमेटर, डायव्हर्जन्स आणि रिसिव्हिंग स्लिट किती, सोलर स्लिट होते का, डिटेक्टर एकेक बिंदू मोजणारा की पट्टीसारखा, स्टेप किती आणि एका स्टेपला वेळ किती. एका कागदावर दहा मिनिटांत उतरवून होतं.

आणखी एक विचारायचंच. फाइल देताना सॉफ्टवेअरने आपणहून के-अल्फा-२ काढून टाकली आहे का, डेटा गुळगुळीत केला आहे का? काही ठिकाणी दिसायला छान म्हणून स्मूदिंग करूनच ग्राफ देतात. स्मूदिंगने पीक रुंद होतं, म्हणजे रुंदी मोजायच्या आधीच ती बदललेली असते. कच्ची फाइल मागा. ती दिसायला ओबडधोबड असते, पण मोजायला तीच लागते.

पायरी २: स्टँडर्ड निवडा

मशीनची रुंदी मोजायची तर अशी पावडर हवी जिची स्वतःची रुंदी जवळजवळ शून्य आहे. यासाठी जगभर चालणारं नाव म्हणजे लँथॅनम हेक्साबोराइड. अमेरिकेची राष्ट्रीय मापन संस्था निस्ट ही पावडर एसआरएम ६६० या मालिकेत प्रमाणित करून विकते. हिचे स्फटिक पुरेसे मोठे असतात, ताण नगण्य असतो आणि रचना साधी घनाकृती असल्यामुळे पीक मोजके, सुटसुटीत, एकमेकांपासून दूर येतात. घनाची बाजू सुमारे ४.१५७ अँगस्ट्रॉम. तांब्याच्या किरणांनी पहिली चार पीक २१.३६, ३०.३८, ३७.४४ आणि ४३.५१ अंशांवर येतात. स्टँडर्डचा स्कॅन हातात आला की आधी हे चार आकडे ताडून बघा. ते सरकलेले असतील तर सॅम्पलची उंची किंवा मशीनचा शून्य चुकला आहे.

निस्टची बाटली महाग असते आणि प्रत्येक विभागाकडे नसते. बऱ्याच मशीनसोबत कंपनीने दिलेली अल्युमिनाची भाजलेली चकती कपाटात पडून असते, ती शोधा. नीट ॲनील केलेली (तापवून सावकाश थंड केलेली), भरड नसलेली सिलिकॉनची पावडरही काम भागवते. मात्र खलबत्त्यात जोर लावून कुटलेलं सिलिकॉन चालत नाही, कारण कुटण्याने त्यातच ताण आणि दोष येतात आणि मग तो मशीनच्या खात्यावर जमा होतो.

सिलिकॉनची वेफर स्टँडर्ड म्हणून वापरायचा मोह टाळा. ती एकच अखंड स्फटिक असते. नेहमीच्या वेफरवर ६९ अंशांच्या आसपास एकच मोठं पीक मिळतं आणि ते पावडरच्या पीकसारखं तयारच होत नाही, कारण पावडरमध्ये किरणांचा सगळा पसारा कुठल्या ना कुठल्या कणावर लागू पडतो, वेफरमध्ये त्यातला अगदी थोडा भागच वापरला जातो. रुंदी फसवी कमी येते.

पायरी ३: स्टँडर्डचा स्कॅन, त्याच सेटिंगवर

‘त्याच’ या शब्दावर जोर आहे. स्लिट तेच, सोलर तेच, डिटेक्टर तोच, होल्डर तोच. तुमचं सॅम्पल एका स्लिटवर आणि स्टँडर्ड दुसऱ्या स्लिटवर असेल तर पुढचा सगळा हिशेब वाया गेला.

बदलायची ती फक्त स्टेप आणि वेळ. तुमच्या नॅनो पावडरचं पीक ०.३ अंश रुंद असेल तर ०.०२ अंशांच्या स्टेपने अर्ध्या उंचीच्या वर पंधरा बिंदू मिळतात, तेवढे भरपूर झाले. स्टँडर्डचं पीक ०.०८ अंशांचं असेल तर त्याच स्टेपने चारच बिंदू मिळतील आणि चार बिंदूंतून आकार ओळखता येत नाही. स्टँडर्डला ०.०१ किंवा त्याहून बारीक स्टेप लावा. पीकच्या टोकाशी दहा हजारांच्या आसपास काउंट मिळतील एवढा वेळ द्या. मग टोकाच्या मोजणीतली अनिश्चितता एक टक्क्यावर येते. तुमच्या सॅम्पलच्या सगळ्या पीकना पुरून उरेल एवढा कोनांचा पल्ला घ्या.

पावडर होल्डरमध्ये भरताना तिचा पृष्ठभाग होल्डरच्या काठाशी अगदी सपाट हवा. काचेच्या पट्टीने वरून दाबायचं, घासायचं नाही. पावडर ०.१ मिलिमीटर जरी खाली बसली तरी २०० मिलिमीटर त्रिज्येच्या गोनिओमीटरवर ३६ अंशांचं पीक सुमारे ०.०५ अंश सरकतं. रुंदीवर याचा फारसा परिणाम होत नाही, पण जाळीचं माप काढणार असाल तर हाच सर्वांत मोठा शत्रू.

पायरी ४: फिट करा आणि वक्र काढा

स्टँडर्डच्या प्रत्येक पीकला के-अल्फा-१ आणि के-अल्फा-२ अशी जोडी धरून फिट करा, तीव्रतेचं गुणोत्तर दोनास एक ठेवा. आकार सूडो-व्हॉइट घ्या. तो गॉस आणि लॉरेंट्झ या दोन आकारांचं मिश्रण असतो आणि मिश्रणाचं प्रमाण फिटमधून मिळतं. प्रत्येक पीकसाठी दोन आकडे लिहून ठेवा: अर्ध्या उंचीवरची रुंदी, म्हणजे एफडब्ल्यूएचएम, आणि मिश्रणाचं प्रमाण. ओरिजिनमध्ये जोडीचं फिट करणं थोडं किचकट आहे. प्रोफेक्स, मॉड, फुलप्रॉफ, जीसॅस-टू हे सगळे प्रोग्राम फुकट मिळतात आणि जोडी आपोआप सांभाळतात. फुलप्रॉफमध्ये तर मशीनच्या रुंदीसाठी आयआरएफ नावाची वेगळी फाइलच असते. एकदा बनवून ठेवली की पुढच्या प्रत्येक सॅम्पलला जोडता येते.

आता अडचण अशी की तुमच्या झिंक ऑक्साइडचं सर्वांत उंच पीक ३६.२५ अंशांवर येतं आणि स्टँडर्डची पीक ३०.३८ आणि ३७.४४ वर. नेमक्या कोनावरची रुंदी हवी तर मधला वक्र लागतो. त्यासाठी कॅग्लिओटी आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली न्यूट्रॉनच्या मशीनसाठी दिलेलं सूत्र आजही वापरतात:

रुंदीचा वर्ग = यू × (टॅन थीटा)² + व्ही × टॅन थीटा + डब्ल्यू

एक्सेलमध्ये एका रकान्यात टॅन थीटा, दुसऱ्यात रुंदीचा वर्ग, आणि दुसऱ्या घाताची ट्रेंडलाइन. यू, व्ही, डब्ल्यू हातात. एखादा बिंदू वक्रापासून फटकून असेल तर आधी तो फिट पुन्हा तपासा. बहुधा बॅकग्राउंड चुकलेलं असतं. अगदी छोट्या कोनांवर, जिथे शेपूट येतं तिथे, हे सूत्र कमी पडतं. तिथे उगाच ताणत बसू नका.

पायरी ५: वजाबाकी

इथे खरी गंमत आहे, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो. पॉल शेरर यांनी १९१८ साली ग्योटिंगेनमध्ये दिलेलं सूत्र:

डी = के × लॅम्डा ÷ (बीटा × कॉस थीटा)

यात के म्हणजे ०.९ च्या आसपासचा स्थिरांक, लॅम्डा ०.१५४०६ नॅनोमीटर, बीटा ही सॅम्पलची रुंदी रेडियनमध्ये, आणि थीटा म्हणजे पीकच्या कोनाचा अर्धा.

समजा, ३६.२५ अंशांच्या पीकची मोजलेली रुंदी ०.३० अंश आली आणि तिथली मशीनची रुंदी वक्रावरून ०.१२ अंश. बीटा किती घ्यायचा?

काहीच वजा केलं नाही, ०.३० तसेच घेतले: डी येतो २७.९ नॅनोमीटर.

दोन्ही आकार गॉस मानले तर रुंदीचे वर्ग वजा होतात. ०.०९ वजा ०.०१४४, त्याचं वर्गमूळ ०.२७५ अंश: डी येतो ३०.४ नॅनोमीटर.

दोन्ही आकार लॉरेंट्झ मानले तर रुंदी सरळ वजा होते. ०.३० वजा ०.१२ म्हणजे ०.१८ अंश: डी येतो ४६.४ नॅनोमीटर.

पावडर तीच, डेटा तोच आणि उत्तरं २८, ३० आणि ४६. पेपरांत मुकाट्याने पहिला आकडा छापला जातो, कधी दुसरा. प्रत्यक्षात लहान स्फटिकांमुळे येणारी रुंदी बरीचशी लॉरेंट्झच्या बाजूला झुकते आणि मशीनचा आकार मिश्र असतो, म्हणून खरं उत्तर दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं. हातानेच करायचं असेल तर एक मधला मार्ग आहे: मोजलेल्या रुंदीतून ‘मशीनच्या रुंदीचा वर्ग भागिले मोजलेली रुंदी’ एवढं वजा करायचं. ०.३० वजा ०.०४८, म्हणजे ०.२५२ अंश, डी येतो ३३ नॅनोमीटर. याहून चांगलं म्हणजे सूडो-व्हॉइटमधले गॉसचे आणि लॉरेंट्झचे भाग वेगळे करून गॉसमधून गॉस आणि लॉरेंट्झमधून लॉरेंट्झ वजा करणं. वर सांगितलेले प्रोग्राम हे करतात, आणि खरं सांगायचं तर प्रबंधासाठी तेच वापरावं. हाताचा हिशेब मात्र एकदा तरी करून बघाच. त्याशिवाय प्रोग्रामने दिलेला आकडा बरोबर आहे की नाही याचा अंदाज येत नाही.

दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. बीटा रेडियनमध्ये न बदलता अंशांतच टाकला तर वरच्या उदाहरणात उत्तर ०.४९ नॅनोमीटर येतं. झिंक ऑक्साइडच्या युनिट सेलची उंचीच ०.५२ नॅनोमीटर आहे, म्हणजे स्फटिक एका सेलपेक्षा लहान निघाला! ही चूक निदान लगेच ओरडते. दुसरी ओरडत नाही: कॉस थीटाच्या जागी कॉस टू-थीटा. उत्तर येतं ३२.८ नॅनोमीटर, अगदी शहाण्यासारखं दिसणारं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एक्सेलमध्ये तर कॉसलाही रेडियन लागतात, हे तिसरं.

पायरी ६: कुठे थांबायचं ते ठरवा

आता तुम्ही तीच पावडर भट्टीत तापवली. स्फटिक वाढले, पीक अरुंद झालं, मोजलेली रुंदी ०.१५ अंश. मशीनची ०.१२ तशीच. गॉसने ९३ नॅनोमीटर येतात, लॉरेंट्झने २७९. तिप्पट फरक. शिवाय रुंदी मोजण्यात ०.०१ अंशाची चूक धरली, आणि ती सहज होते, तर गॉसचंच उत्तर ७९ ते ११६ च्या दरम्यान कुठेही पडू शकतं. ०.३० अंशांच्या पीकवर हीच ०.०१ ची चूक उत्तर फक्त २९ ते ३२ इतकंच हलवते.

म्हणजे मोजलेली रुंदी मशीनच्या रुंदीच्या जवळ येऊ लागली की आकडा विरघळायला लागतो. मोजलेली रुंदी मशीनच्या दीडपटीहून कमी असेल तर मी आकार देतच नाही. हा काही छापील नियम नव्हे, पण वरची गणितं स्वतः करून बघितली तर पटेल. अशा वेळी ‘स्फटिक किमान ८० नॅनोमीटरचे, नेमका आकार या मशीनवर ठरत नाही’ एवढंच लिहिणं प्रामाणिक असतं. ‘तापमान वाढवल्यावर आकार ९२.८७ वरून ११५.९२ झाला’ असा तक्ता छापला तर तो पावडरबद्दल काहीच सांगत नाही. मोठे स्फटिक मोजायचे असतील तर अरुंद रुंदीचं मशीन शोधावं लागतं, इंदूरच्या इंडस-२ सारख्या सिंक्रोट्रॉनवरचं (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या प्रवेगकावरचं) किंवा के-अल्फा-१ वेगळी काढणारा मोनोक्रोमेटर असलेलं.

आकार काढल्यावर तो एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोशी जुळला नाही म्हणून घाबरू नका. एक्सआरडी सलग जाळी असलेल्या तुकड्याचं माप देतं. एसईएममध्ये दिसणारा कण अशा अनेक तुकड्यांचा गठ्ठा असू शकतो, त्यामुळे एसईएमचा आकडा मोठा येणं साहजिक आहे. उलटं झालं, एसईएमचा कण एक्सआरडीच्या स्फटिकाहून लहान निघाला, तर मात्र वजाबाकी पुन्हा तपासा. लॉरेंट्झने भलतंच जास्त वजा झालेलं असण्याची शक्यता मोठी.

पायरी ७: ताण, आणि त्यात लपलेलं मशीन

पीक रुंद होतं ते फक्त स्फटिक लहान असल्यामुळे नव्हे, जाळी ताणलेली असल्यामुळेही. दोन्ही वेगळं करायला विल्यमसन आणि हॉल यांची १९५३ ची पद्धत सगळे वापरतात. वाय अक्षावर बीटा कॉस थीटा, एक्स अक्षावर चार साइन थीटा. रेघेचा उतार म्हणजे ताण, वाय अक्षावरच्या छेदावरून आकार निघतो (छेद = के × लॅम्डा ÷ डी).

हे चालतं कारण आकारामुळे येणारी रुंदी एक भागिले कॉस थीटाने वाढते आणि ताणामुळे येणारी टॅन थीटाने. आता वर आठवा: मशीनच्या रुंदीतही टॅन थीटाचा भाग आहे. किरणांच्या तरंगलांबीला स्वतःची जी रुंदी असते ती तर हुबेहूब ताणासारखीच वागते. म्हणून मशीनची रुंदी वजा न करता विल्यमसन-हॉल काढला तर अगदी निर्दोष पावडरलाही ‘ताण’ निघतो. पटत नसेल तर स्टँडर्डचाच विल्यमसन-हॉल काढून बघा. जो उतार येईल तो सगळा मशीनचा.

झिंक ऑक्साइडचे स्फटिक कांड्यांसारखे वाढले असतील तर ३४.४ अंशांचं पीक बाकीच्यांहून अरुंद येतं, कारण त्या दिशेला स्फटिक लांब असतो. अशा वेळी सगळ्या पीकची सरासरी काढून एक आकडा देण्याला अर्थ नाही. दिशा सांगून दोन आकडे द्या.

पायरी ८: थिन फिल्म असेल तर

थिन फिल्मसाठी किरण बऱ्याचदा अगदी कमी कोनात टाकतात, एक अंश किंवा त्याहूनही कमी. या मांडणीत किरणांचा डाग सॅम्पलभर पसरतो, फोकसिंग उरत नाही आणि डिटेक्टरपुढे समांतर पट्ट्यांचा कोलिमेटर लावतात. मशीनची रुंदी नेहमीच्या मांडणीपेक्षा बरीच जास्त असते. नेहमीच्या मांडणीत काढलेला स्टँडर्डचा वक्र इथे वापरला तर वजाबाकी कमी पडते आणि स्फटिक आहेत त्याहून लहान दिसतात. स्टँडर्डही त्याच कमी कोनावर, त्याच कोलिमेटरने मोजावा लागतो. काचेवर पातळ पसरलेली लँथॅनम हेक्साबोराइडची पावडर त्यासाठी चालते.

लिहिताना

प्रबंधात किंवा पेपरात दोन-तीन वाक्यं पुरतात, पण ती हवीत. साधारण अशी: ‘मशीनची रुंदी लँथॅनम हेक्साबोराइडच्या स्टँडर्डवरून, त्याच स्लिट मांडणीत मोजली. के-अल्फा-१ व के-अल्फा-२ एकत्र फिट केल्या. ३६.२५ अंशांवर मशीनची रुंदी ०.१२ अंश, सॅम्पलची मोजलेली रुंदी ०.३० ± ०.०१ अंश. वजाबाकी सूडो-व्हॉइटचे भाग वेगळे करून केली. के = ०.९.’ आणि आकाराचा आकडा ३३ असा पूर्णांकात, सोबत अनिश्चितता. दशांश चिन्हापुढचे दोन अंक कॅल्क्युलेटरने दिले म्हणून ते मोजले गेले असं होत नाही.

स्टँडर्डच्या स्कॅनची फाइल, तारीख आणि सेटिंगचा कागद एकत्र ठेवा. ट्यूब बदलली, मशीनची पुन्हा जुळवणी झाली, स्लिट बदलले किंवा नवा डिटेक्टर बसला की जुना वक्र बाद समजायचा आणि स्टँडर्ड पुन्हा चालवायचा. एरवी सहा महिन्यांतून एकदा तोच स्कॅन घेऊन जुन्यावर टाकून बघितला तरी चालतं. मशीन हळूहळू बिघडत असेल तर ते पहिल्यांदा इथेच दिसतं, सॅम्पलमध्ये नाही.